इंटरल्यूकिन-१ : दाहाची ठिणगी टाकणारे प्रथिनकुळ

ताप जंतूंमुळे येतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. जंतू हे निमित्त असते. तापमान प्रत्यक्षात वाढविते ते शरीरच. पांढऱ्या पेशींमधून स्रवणारी काही प्रथिने रक्तावाटे मेंदूपर्यंत संदेश पोहोचवितात, तेथील तापमान-नियंत्रण केंद्राची पातळी वर सरकते आणि माणसाला हुडहुडी भरते. या प्रथिनांत अग्रभागी आहे ते इंटरल्यूकिन-१. संसर्गाच्या काळात उपकारक ठरणारे हे प्रथिन विनाकारण स्रवत राहिले, तर जंतूंचा मागमूस नसतानाही ताप, पुरळ, सांध्यांची सूज आणि कमालीचा थकवा यांचे चक्र सुरू होते. काही विकारांत हे चक्र वर्षानुवर्षे चालते आणि त्याची परिणती बहिरेपणात किंवा मूत्रपिंडे निकामी होण्यात होते. प्रतिजैविकांचा अशा तापावर काहीही उपयोग होत नाही. या आजारांचे मूळ कोठे आहे, याचा उलगडा प्रामुख्याने गेल्या पाव शतकात झाला असून, त्यामुळे अनेक रुग्णांचे आयुष्य पालटले आहे.

शोधाचा प्रवास

पांढऱ्या पेशींमधून ताप आणणारा पदार्थ बाहेर पडतो, हे अमेरिकी वैद्यक-संशोधक पॉल बीसन यांनी १९४८ साली सशांवरील प्रयोगांतून दाखविले. जंतूंच्या विषाने येणारा ताप आणि शरीराने स्वतः निर्माण केलेल्या पदार्थाने येणारा ताप वेगळा करता येतो, ही त्या काळी नवी कल्पना होती. पुढे १९७२ मध्ये इगाल गेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लसिकापेशींना चेतविणारा एक घटक आढळला. १९७७ मध्ये चार्ल्स दिनारेल्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पांढऱ्या पेशींमधील ताप आणणारे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते इतके प्रभावी आहे, की शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे अवघे काही नॅनोग्रॅम शिरेतून दिले तरी माणसाला ताप चढतो. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

वेगवेगळ्या प्रयोगशाळा एकाच पदार्थाला वेगवेगळी नावे देत असल्याचे हळूहळू ध्यानात आले. स्वित्झर्लंडमधील एर्माटिंगेन येथे १९७९ साली भरलेल्या परिषदेत पांढऱ्या पेशींमधील या निरोप्यांसाठी ‘इंटरल्यूकिन’ हे नाव मुक्रर झाले आणि पहिला क्रमांक या प्रथिनाला मिळाला. १९८४-८५ मध्ये त्याची जनुके हाती लागली, तेव्हा इंटरल्यूकिन-१ हे एक नसून आल्फा आणि बीटा अशी दोन भावंडे असल्याचे स्पष्ट झाले.

अकरा सदस्यांचे कुळ

आज या कुळात अकरा प्रथिने गणली जातात. त्यांपैकी सात दाह चेतविणारी आहेत : इंटरल्यूकिन-१ आल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-१८, इंटरल्यूकिन-३३ आणि इंटरल्यूकिन-३६ चे तीन प्रकार. उरलेली चार दाहाला लगाम घालतात. त्यांत इंटरल्यूकिन-१ चे विरोधी प्रथिन, इंटरल्यूकिन-३६ चे विरोधी प्रथिन, इंटरल्यूकिन-३७ आणि इंटरल्यूकिन-३८ यांचा समावेश होतो. इंटरल्यूकिन-१८ आणि ३३ वगळता बाकी सर्वांची जनुके दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी वसलेली आहेत. एकाच पूर्वज जनुकाच्या प्रती होत होत हे कुळ विस्तारले असावे, असे त्यावरून मानले जाते.

प्रत्येक सदस्याचे काम निराळे आहे. आल्फा हे प्रथिन त्वचेच्या व इतर आवरणांच्या पेशींमध्ये आधीपासूनच तयार असते. पेशी फुटली की ते बाहेर पडते आणि आसपासच्या पेशींना धोक्याची सूचना देते. बीटा मात्र प्रामुख्याने रक्तातील एककेंद्रक पेशी आणि ऊतींमधील भक्षकपेशी गरज पडेल तेव्हाच तयार करतात. सर्वांगदाहाच्या आजारांत मुख्य भूमिका असते ती याच बीटाची. इंटरल्यूकिन-१८ हे गॅमा इंटरफेरॉन नावाच्या दुसऱ्या प्रबळ निरोप्याची निर्मिती वाढविते. इंटरल्यूकिन-३३ चा संबंध दमा व अ‍ॅलर्जीशी, तर ३६ चा संबंध मुख्यतः त्वचेशी आहे.

ही प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राही प्रथिनांना चिकटून काम करतात. इंटरल्यूकिन-१ च्या ग्राहीचा पेशीच्या आतील भाग आणि जंतूंची चाहूल घेणाऱ्या ‘टोल’ ग्राहींचा आतील भाग यांत विलक्षण साम्य आहे. फळमाशीतील टोल प्रथिनाशी असलेले हे साधर्म्य १९९१ मध्ये निदर्शनास आले. जंतू शिरल्याची वर्दी आणि इंटरल्यूकिन-१ चा निरोप पेशीच्या आत जवळजवळ एकाच वाटेने जातात. म्हणूनच इंटरल्यूकिन-१ अवाजवी स्रवले, की संसर्ग नसतानाही शरीर संसर्ग झाल्यासारखे वागू लागते.

इतक्या जहाल पदार्थावर नियंत्रणही तितकेच कडक हवे. इंटरल्यूकिन-१ चे विरोधी प्रथिन त्याच ग्राहीवर जाऊन बसते, परंतु पेशीला कोणताही निरोप देत नाही. त्यामुळे खऱ्या निरोप्याला जागाच उरत नाही. स्वित्झर्लंडमधील जाँ-मिशेल दायेर आणि अमेरिकेतील विल्यम अ‍ॅरेंड यांच्या संशोधनातून हा नैसर्गिक अडसर पुढे आला आणि १९९० मध्ये त्याचे जनुक ओळखले गेले. याशिवाय पेशींवर एक फसवी ग्राहीही असते. ती इंटरल्यूकिन-१ ला पकडून ठेवते, पण आत काहीच कळवीत नाही.

दाहसंकुल : दुहेरी कुलूप

बीटा प्रथिन तयार होताना निष्क्रिय असते. भक्षकपेशीला पहिली वर्दी मिळाली, की त्याचे लांबलचक पूर्वरूप बनते. पण ते पेशीतच पडून राहते. त्याचा ठरावीक तुकडा कापला गेला, तरच ते कार्यक्षम होते. ही कापणी करणारे कास्पेज-१ हे विकर १९९२ मध्ये ओळखले गेले. या विकराला जागे कोण करते, या प्रश्नाचे उत्तर स्वित्झर्लंडमधील लोझान येथे युर्ग त्शॉप यांच्या प्रयोगशाळेने २००२ साली दिले. पेशीच्या आत अनेक प्रथिने एकत्र येऊन चाकासारखी रचना करतात आणि तिच्यावर कास्पेज-१ सक्रिय होते. या रचनेला ‘इन्फ्लमासोम’ म्हणजे दाहसंकुल असे नाव मिळाले.

या संकुलांपैकी सर्वाधिक अभ्यासले गेले आहे ते एनएलआरपी-३ नावाच्या प्रथिनाभोवती उभे राहणारे. जंतूंची विषे, फुटलेल्या पेशींमधून सांडलेले ऊर्जाद्रव्य, युरिक आम्लाचे किंवा कोलेस्टेरॉलचे स्फटिक अशा परस्परांहून अगदी भिन्न गोष्टी त्याला जागे करतात. पेशीतील पोटॅशियम बाहेर पडणे हा त्यांतील बहुतेकांचा समान दुवा होय. संकुल सक्रिय झाले, की गॅस्डर्मिन-डी या प्रथिनाचेही तुकडे होतात व ते पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडतात. २०१५ मध्ये उलगडलेल्या या प्रक्रियेमुळे बीटा आणि इंटरल्यूकिन-१८ पेशीबाहेर कसे पडतात, हे समजू शकले. थोडक्यात, पहिली वर्दी प्रथिन तयार करते आणि दुसरी त्याला मोकळे सोडते. ही दोन कुलुपे शाबूत असेपर्यंत दाह आटोक्यात राहतो.

कुलूप जन्मतःच सैल असेल तर

इंग्लंडमधील डर्बीशायर येथील एका कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या अंगावर गांधी उठणे, थंडी-ताप आणि वाढत जाणारे बहिरेपण आढळत असल्याची नोंद मकल आणि वेल्स या डॉक्टरांनी १९६२ मध्ये केली. त्यांतील काहींची मूत्रपिंडे अमिलॉइड नावाचे प्रथिन साचून निकामी झाली होती. काही अन्य कुटुंबांत थंड हवेत गेल्यावर काही तासांतच ताप व पुरळ येत असे. तिसरा प्रकार सर्वांत गंभीर होता : जन्मल्यापासून पुरळ, मेंदूच्या आवरणांचा दीर्घकालीन दाह, दृष्टी व श्रवण यांची हानी आणि गुडघ्यांजवळील हाडांची विकृत वाढ. हे तीन वेगळे आजार समजले जात. सॅन दिएगो येथील हाल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पहिल्या दोन प्रकारांतील दोष एकाच जनुकात असल्याचे दाखविले. तिसऱ्याचे मूळही लवकरच तेथेच सापडले. हे जनुक म्हणजेच एनएलआरपी-३. त्यातील बदलामुळे दाहसंकुल फारशा चिथावणीशिवायच सक्रिय होते.

निदानातून उपचाराकडे जाण्यास फार काळ लागला नाही. नैसर्गिक विरोधी प्रथिनाची प्रयोगशाळेत बनविलेली आवृत्ती, म्हणजे अ‍ॅनाकिन्रा हे औषध, २००१ पासून अमेरिकेत आमवातासाठी उपलब्ध होते. मकल-वेल्स विकारावर ते गुणकारी असल्याचे २००३ मध्ये नोंदविले गेले. २००६ साली तिसऱ्या, गंभीर प्रकाराच्या १८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वच रुग्णांना उतार पडला. जन्मापासून असलेले पुरळ अल्पावधीत नाहीसे झाले. मात्र हाडांची आधीच झालेली विकृती बदलली नाही. वेळेवर निदान का महत्त्वाचे, हे त्यावरून ध्यानात येते.

भूमध्य सागराच्या परिसरातील ज्यू, अर्मेनियन, तुर्की व अरब समाजांत आढळणारा कौटुंबिक ताप हे याच गटातील दुसरे उदाहरण. एक ते तीन दिवस ताप आणि पोटात असह्य वेदना, नंतर जणू काही झालेच नव्हते अशी प्रकृती, असे त्याचे स्वरूप असते. अपेंडिक्स समजून अनेकांची अनावश्यक शस्त्रक्रिया होते. कोल्चिसिन हे जुने औषध दररोज घेतल्यास हे झटके रोखता येतात, हे १९७२ मध्ये लक्षात आले. त्याचे जनुक १९९७ साली सापडले. या जनुकापासून बनणारे पायरिन हे प्रथिनही एका दाहसंकुलाचाच भाग आहे. आपल्याकडील कळलावी या विषारी वनस्पतीतही कोल्चिसिन असते. प्रमाण थोडे जरी चुकले, तरी ते प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे ते केवळ शुद्ध औषधाच्या रूपात व डॉक्टरी देखरेखीखालीच घ्यावे लागते.

लगाम घालणारे प्रथिनच नसेल तर काय घडते, याचे चित्र २००९ साली स्पष्ट झाले. विरोधी प्रथिनाचे जनुक निकामी असलेल्या अर्भकांना जन्मानंतर काही दिवसांतच अंगभर पूयुक्त फोड आणि हाडांचा वेदनामय दाह होत असल्याचे दोन संशोधक गटांनी दाखवून दिले. जंतुसंसर्ग समजून त्यांच्यावर प्रतिजैविकांचा मारा होत असे. जे प्रथिन शरीरात नव्हते तेच अ‍ॅनाकिन्राच्या रूपाने बाहेरून दिल्यावर ही बालके झपाट्याने सुधारली. इंटरल्यूकिन-३६ च्या विरोधी प्रथिनातील दोष २०११ मध्ये ट्युनिशियातील कुटुंबांत आढळला. त्यातून पूयुक्त सोरायसिसचा जीवघेणा प्रकार उद्भवतो. त्याच्या झटक्यांवर इंटरल्यूकिन-३६ ची ग्राही रोखणाऱ्या स्पेसोलिमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली.

डॅन कास्टनर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा आजारांसाठी ‘स्वयंदाही’ ही स्वतंत्र संज्ञा सुचविली. स्वयंप्रतिकार आजारांत प्रतिपिंडे व लसिकापेशी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करतात; स्वयंदाही आजारांत मात्र जन्मजात संरक्षणयंत्रणाच बेलगाम होते. हा भेद उपचारांच्या दृष्टीने निर्णायक ठरला.

स्टिलचा आजार

जनुकीय दोष सापडत नसतानाही इंटरल्यूकिन-१ केंद्रस्थानी असलेला आजार म्हणजे स्टिलचा आजार. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये मुलांमधील या संधिदाहाचे वर्णन केले, तर प्रौढांतील त्याचे रूप १९७१ मध्ये एरिक बायवॉटर्स यांनी मांडले. दिवसातून एक-दोनदा उसळून पुन्हा उतरणारा तीव्र ताप, तापाबरोबर उमटून मावळणारे फिकट गुलाबी पुरळ, सांधेदुखी, यकृत-प्लीहा व लसिकाग्रंथींची वाढ ही त्याची लक्षणे होत. रक्तातील पांढऱ्या पेशी, सीआरपी आणि फेरिटिन यांचे प्रमाण वाढलेले आढळते.

पूर्वी स्टेरॉइडवाचून पर्याय नसे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने मुलांची उंची खुंटे, हाडे ठिसूळ होत. २००५ साली अमेरिकेतील डॅलस येथील व्हर्जिनिया पास्कल आणि सहकाऱ्यांनी एक साधा पण अर्थपूर्ण प्रयोग केला. या मुलांच्या रक्तद्रवात निरोगी व्यक्तींच्या पेशी ठेवल्या असता त्या इंटरल्यूकिन-१ स्रवू लागल्या. इतर औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना अ‍ॅनाकिन्रा दिल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला. पुढे बीटा प्रथिनाला नेमके रोखणारे कॅनाकिनुमॅब हे प्रतिपिंड आणि इंटरल्यूकिन-६ ला रोखणारे टोसिलिझुमॅब यांचीही उपयुक्तता सिद्ध झाली. मुलांमधील व प्रौढांमधील हा आजार एकच मानावा, अशी भूमिका युरोपीय तज्ज्ञांनी २०२४ च्या मार्गदर्शक शिफारशींत घेतली आहे.

या आजारातील सर्वांत मोठा धोका म्हणजे भक्षकपेशींचा उद्रेक. ताप सतत राहतो, फेरिटिन कित्येक पटींनी वाढते, प्लेटलेट घसरतात, यकृत बिघडते आणि रक्त गोठण्याची यंत्रणा कोलमडते. वरवर पाहता सुधारणा वाटावी असा ईएसआरमधील उतारही या वेळी दिसू शकतो. प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा असतो. या गुंतागुंतीत इंटरल्यूकिन-१८ आणि गॅमा इंटरफेरॉन यांचा मोठा वाटा असतो. तातडीने उपचार न झाल्यास रुग्ण दगावू शकतो.

गाउट आणि हृदयविकार

दुर्मिळ आजारांतून मिळालेले हे ज्ञान सामान्य आजारांपर्यंत पोहोचले. गाउटमध्ये सांध्यात साचलेले युरिक आम्लाचे स्फटिक एनएलआरपी-३ दाहसंकुल सक्रिय करतात, हे त्शॉप यांच्याच गटाने २००६ मध्ये दाखविले. रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकू लागतो, त्यामागे ही प्रक्रिया असते. हृदयाच्या आवरणाचा वारंवार होणारा दाह हाही इंटरल्यूकिन-१ शी निगडित असून, त्यासाठी रिलोनासेप्ट या औषधाला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली.

रोहिणीकाठिण्य हाही एक मंद धुमसणारा दाहच आहे, ही कल्पना पडताळून पाहण्यासाठी बोस्टन येथील पॉल रिडकर यांच्या नेतृत्वाखाली मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या आणि सीआरपी वाढलेल्या १०,०६१ रुग्णांचा तिच्यात समावेश होता. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम कॅनाकिनुमॅब घेणाऱ्यांत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉल कमी न करताही केवळ दाह रोखून लाभ होतो, हे त्यातून दिसले. मात्र जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण वाढले आणि एकूण मृत्युदरात लक्षणीय फरक पडला नाही. त्यामुळे हृदयरोगासाठी हे औषध नित्य वापरात आले नाही.

मर्यादा आणि सावधगिरी

इंटरल्यूकिन-१ ला रोखणे हा रामबाण उपाय नाही. जंतुदोषामुळे होणाऱ्या सेप्सिसमध्ये त्याचा उपयोग होईल, अशी १९९० च्या दशकात मोठी आशा होती. पण मोठ्या चाचण्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही. आमवातातही टीएनएफ या दुसऱ्या निरोप्याला रोखणारी औषधे सामान्यतः अधिक प्रभावी ठरली. एकाच प्रकारचा दाह दिसला, तरी त्यामागील प्रमुख निरोप्या वेगळा असू शकतो, हा या अपयशाचा धडा होय. कोविडच्या साथीतही अ‍ॅनाकिन्राचा लाभ सरसकट न दिसता, रक्तातील विशिष्ट निदर्शक वाढलेल्या रुग्णांत दिसला. त्या आधारे युरोपात २०२१ च्या अखेरीस त्याला मर्यादित मान्यता देण्यात आली.

अ‍ॅनाकिन्रा शरीरात काही तासच टिकते, म्हणून त्याचे इंजेक्शन रोज घ्यावे लागते आणि ते टोचलेली जागा अनेकदा लाल होऊन दुखते. कॅनाकिनुमॅब चार ते आठ आठवड्यांतून एकदा पुरते. परंतु ते अतिशय महाग आहे. या सर्व औषधांनी संसर्गाचा धोका वाढतो. क्षयरोगाच्या जंतूंशी लढण्यात इंटरल्यूकिन-१ चा वाटा असल्याने, भारतासारख्या क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात उपचारापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते. उपचार चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळल्या जातात.

कोणती लक्षणे दुर्लक्षू नयेत?

आपल्याकडे दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या तापाचे कारण बहुधा संसर्ग हेच असते. क्षयरोग, विषमज्वर, हिवताप आणि रक्ताचा कर्करोग या शक्यता प्रथम पडताळाव्याच लागतात. मात्र तपासण्यांत जंतू सापडत नाहीत, प्रतिजैविके निष्प्रभ ठरतात आणि ताप ठरावीक अंतराने परत येतो, तेव्हा स्वयंदाही आजाराचा विचार व्हायला हवा. तापाची वेळ व कालावधी यांची लेखी नोंद, पुरळ उमटलेले असतानाच काढलेले छायाचित्र, कुटुंबातील अशाच तक्रारींचा किंवा लहान वयातील बहिरेपणाचा इतिहास यांची निदानासाठी मोठी मदत होते. ताप असताना आणि नसताना अशी दोन्ही वेळची सीआरपी तपासणी, फेरिटिन आणि लघवीतील प्रथिनांची चाचणी याही उपयुक्त ठरतात. संधिवाततज्ज्ञांचा सल्ला घेण्यापूर्वीच स्टेरॉइड सुरू केल्यास आजाराचे खरे रूप झाकले जाऊ शकते.

दाह हा शरीराचा शत्रू नव्हे. त्याच्या आधारानेच जखमा भरतात आणि जंतू हटतात. तो पेटविण्याची आणि विझविण्याची अशा दोन्ही व्यवस्था निसर्गाने इंटरल्यूकिन-१ च्या एकाच कुळात ठेवल्या आहेत. त्यांतील तोल कोठे ढळला, हे नेमके ओळखता आले, तर आजवर ‘कारण न सापडलेला ताप’ या शेऱ्यावर थांबणाऱ्या अनेक रुग्णांना बहिरेपण येण्यापूर्वी आणि मूत्रपिंडे निकामी होण्यापूर्वी उपचार मिळू शकतील.